बुधवारची कॉफी

"तो कप जरा इकडं द्या," इल्झेबाई म्हणाल्या.

मी बोलायचा थांबलो. जर्मनीतलं एक लहान गाव, चर्चला चिकटून असलेला हॉल, समोर साठ-सत्तर माणसं, बहुतेक पिकल्या केसांची. माझं व्याख्यान संपून प्रश्न चालले होते. सोलापुरात आमच्या ढोर गल्लीच्या तोंडाशी चहाचं एक हॉटेल होतं. तिथं आमचे कप वेगळे असायचे. कान तुटलेले, बाहेरच्या फळीवर पालथे घातलेले. पिऊन झालं की ज्याचा त्यानं विसळून परत पालथा घालायचा. हे मी नुकतंच सांगितलं होतं. इल्झेबाई म्हणजे ज्यांच्या घरी मी उतरलो होतो त्या, निवृत्त नर्स. पहिल्या रांगेतून उठून त्या वर आल्या, माझ्या पुढ्यातला अर्धा प्यालेला कप उचलला आणि उरलेली कॉफी सगळ्यांसमोर पिऊन टाकली.

हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेनात. दोन बायका डोळे पुसत होत्या.

घरी जाताना गाडीत बाईंनी विचारलं, "मी काही चुकीचं तर नाही ना केलं?"

"नाही, नाही," मी म्हणालो.

खोटं कशाला सांगू, मला गुदगुल्या झाल्या होत्या. त्यानंतरच्या सात गावांत ती कपाची गोष्ट मी मुद्दाम शेवटाला ठेवायला लागलो. आधी कातडी भिजवायची चुन्याची कुंडं, मग बापाची सोललेली बोटं, मग कप. कुठं थांबायचं, कुठं पाणी प्यायचं, सगळं बसवून टाकलं. तमाशात सोंगाड्या हशा कुठं येणार ते ओळखून असतो, तसा मी रडू कुठं येणार ते ओळखायला लागलो.

मी अंकुश होटकर. सातवी पास. पंधराव्या वर्षापासून कातडी कमावण्याच्या कारखान्यात होतो. इंग्रजी रद्दीतल्या पेपरांवरून शिकलो, लिहायला कुणी शिकवलं नाही. आमच्या गल्लीवर मी एक पुस्तक लिहिलं. त्यात देवाला, धर्माला, गावाला, पुढाऱ्यांना आणि आमच्यातल्याच मान खाली घालून जगणाऱ्यांना पोटभर शिव्या घातल्या. ते कुणीतरी जर्मनीत नेलं आणि त्याच्या मागून मला नेलं. ही सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा चौतीसचा होतो आणि मला वाटायचं, मी कुणाच्या बापाला भीत नाही.

परत आलो तर एका साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "होटकर, श्रीमंत देश बघितलात. आता एक गरीब देश बघा. दोन्हीकडं प्रवासी म्हणून काय वाटलं, ते समोरासमोर ठेवा. तुम्ही कुणाची भीड ठेवत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय."

गरीब देशात माझा माणूस होता. सिद्राम. आमच्याच गल्लीतला, माझ्या बरोबरीचा. इथिओपियातल्या एका टॅनरीत सुपरवायझर म्हणून गेला, त्याला तेव्हा चार वर्षं झाली होती. सिद्राम कधी मोर्चात आला नाही. कधी एक भाषण केलं नाही. माझ्या पुस्तकातलं मान खाली घालून जगणाऱ्यांवरचं जे पान आहे, ते त्याला समोर ठेवूनच लिहिलेलं आहे. त्यानं ते वाचलं होतं. तरी विमानतळावर मला न्यायला तोच आला.

"काय बे लेखकराव, वाळलास की. गोऱ्यांनी उपाशी ठेवलं का?"

"उकडलेले बटाटे घालायचे लका. सकाळ-संध्याकाळ."

"मग हितं खा. ह्यांचं तिखट आपल्या शेंगाचटणीला घरी बसवतंय."

पहिल्या आठवड्यात मी वही भरून टाकली. जर्मनीत रेल्वे ठरल्या मिनिटाला यायची आणि डबा भरलेला असला तरी माझ्या शेजारची जागा रिकामी राहायची. इथं बस कधी यायची ते देवाला ठाऊक, आणि आली की माझ्या मांडीवर कुणाची तरी कोंबडी, खांद्यावर कुणाचं तरी झोपलेलं डोकं. तिथं दोन आठवड्यांत तीनदा पोलिसानं फक्त माझाच पासपोर्ट मागितला. इथं टॅनरीचा वॉचमन मला बघून उठून उभा राहिला. आयुष्यात माझ्यासाठी वॉचमन पहिल्यांदा उठला. 'सर' म्हणाला. दुसऱ्या दिवशी तो बसूनच राहिला असता तर मला राग आला असता, हे माझ्या तेव्हाच ध्यानात आलं होतं. ते मात्र वहीत लिहिलं नाही.

एक दिवस सिद्राम म्हणाला, "तामिरू दक्षिणेला डोंगरात माल बघायला चाललाय. त्याच्यासंगं जा. तिथं दार्चा म्हणून म्हातारा हाय. आपल्यासारखाच, कातडं कमावणारा. त्याचा हात बघ. तुझ्या बापाची याद येतीय का नाही सांग मला."

"काय विचारू त्याला?"

"विचारू नको बे काही. बस जाऊन त्याच्यापाशी घटकाभर."

तामिरू कारखान्याचा ड्रायव्हर आणि खरेदीतला माणूस. तिशीचा, हसरा, डोंगरातल्याच शेतकऱ्याच्या घरचा. माझ्याशी इंग्रजीत बोलायचा, पण मधूनच सिद्रामनं शिकवलेलं सोलापुरी सोडायचा. दोन दिवसांच्या रस्त्यात त्यानं मला "काय बे, निघू की?" इतक्यांदा विचारलं की शेवटी मला हसूही येईना.

"वर माझ्या काकाकडं उतरू," तो म्हणाला. "आसपासचा सगळा माल काकाकडं येतो. मोठं घर आहे. काकूनं तुझ्यासाठी मेंढरू कापायला सांगितलंय."

"बुधवारी? तुमचा उपवास असतो ना बुधवारी?" एवढं मला आठवड्याभरात कळलं होतं. बुधवार-शुक्रवार त्यांच्यातले जुन्या चर्चचे लोक मांस, दूध, लोणी खात नाहीत.

"काकाच्या घरचे नवीन चर्चमध्ये जातात. ते पाळत नाहीत. मी पाळतो. तू खा." मग जरा वेळानं म्हणाला, "सिद्राम सर वर आले की काकाकडं कधी येत नाहीत. जीपमध्ये झोपतात. थंडी किती असते. चांगला माणूस आहे, पण विचित्र आहे."

"लहानपणापासून तसाच आहे," मी म्हणालो.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही पोचलो. डोंगराच्या माथ्यावर गाव, केळीसारख्या झाडांत बुडालेलं. बांबूची विणलेली उंच घरं, पालथ्या टोपल्यांसारखी. काका दारात उभा होता. माझा हात दोन्ही हातांत धरून बराच वेळ हलवत राहिला. मी हात-पाय धुतले. जेवणाला वेळ होता, म्हणून मी तामिरूला म्हणालो, दार्चाकडं जाऊन येऊ.

काकानं तामिरूला काहीतरी विचारलं. तामिरूनं काहीतरी सांगितलं. काका माझ्याकडं बघून हसला, पण मघासारखं नाही.

दार्चाचं घर गावात नव्हतं. गाव संपून उतार लागतो, ओढ्याच्या अंगाला, तिथं एकटंच. मला वास आधी आला. कच्च्या कातड्याचा वास. जगात कुठंही डोळे बांधून सोडा, तो वास मला कळेल, कारण मी त्यात जन्मलो. पाय आपोआप भरभर पडायला लागले.

कुंपणाशी तामिरू थांबला.

"ये की," मी म्हणालो.

"मी इथनंच बोलतो. आम्ही आत जात नाही."

"का?"

त्यानं खांदे उडवले. "कातडं कमावणारी माणसं आहेत. वाईट नाहीत, पण त्यांच्याकडं कुणी खात-पीत नाही. आमची मुलगी त्यांच्यात देत नाही, त्यांची आणत नाही. पद्धत आहे. तुला नाही कळणार."

मी म्हणालो, "अच्छा."

एवढंच म्हणालो. जर्मनीत आठ गावांत दीड-दीड तास बोललेला माणूस, कुंपणाशी उभा राहून 'अच्छा' म्हणाला.

आत अंगणात खांबाला बैलाचं कातडं ताणून बांधलेलं होतं आणि एक म्हातारा ते तासत होता. हातात लोखंड नव्हतं. लाकडाच्या मुठीत बसवलेलं दगडाचं पातं. दगड. मी असलं हत्यार कधी बघितलं नव्हतं, पण हात ओळखीचा होता. वरून खाली, अंगठ्यानं जाडी चाचपत, धार बोथटली की दगडाचा टवका उडवून परत. सिद्राम खरं बोलला होता. माझा बाप असाच श्वास रोखून तासायचा आणि खाली आल्यावर 'हं' करायचा.

म्हाताऱ्यानं मला बघितलं, उठायला लागला. मी हातानं बस म्हणालो आणि त्याच्या शेजारी उकिडवा बसलो. कातड्याच्या पोटाकडच्या भागाला मी बोट लावलं. तिथं पातळ झालं होतं, अजून दोन हात फिरले असते तर फाटलं असतं. मी मान हलवली. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग तिथं बोट लावलं आणि तोही मान हलवायला लागला. मग हसला. पुढचे दात नव्हते. दगडाचं हत्यार त्यानं माझ्या हातात दिलं.

मी तासलं. पंधरा मिनिटं असेल, वीस असेल. पहिले चार हात वाकडे गेले, मग लय सापडली. इतकं सुख मला त्या वर्षात कुठंच झालं नव्हतं. म्हाताऱ्यानं घराकडं तोंड करून हाक मारली. आतून त्याची बायको आली. अमारेच तिचं नाव, ते मला नंतर कळलं. ती माझ्या हातांकडं बघतच राहिली. मग भरभर काहीतरी बोलली.

"काय म्हणते?" मी कुंपणाकडं बघून विचारलं.

"विचारते, हा कुठं शिकला?" तामिरू म्हणाला. "म्हातारा विचारतोय, तुमच्या देशात आमच्यासारखी माणसं असतात का?"

इथं मी बोलायला पाहिजे होतं. एक वाक्य पुरलं असतं. मी त्यांच्यातलाच आहे. माझा बाप, आजा, सगळे. हे वाक्य मी इंग्रजीत घासूनपुसून तयार ठेवलेलं होतं, जर्मनीत त्यानंच तर सुरुवात करायचो. पण ते वाक्य तामिरूच्या तोंडून जाणार होतं. तामिरूला कळणार होतं. मग वर काकाला कळणार होतं.

"सांग, कारखान्यात शिकलो," मी म्हणालो.

तामिरूनं सांगितलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली, पण डोळे माझ्या अंगठ्यावरच होते. कातडं तासणाऱ्याच्या अंगठ्याला जो घट्टा पडतो तो कारखान्यातल्या साहेबाला पडत नाही, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

अमारेचबाई आत गेली आणि विस्तव घेऊन बाहेर आली. जमिनीवर हिरवं गवत अंथरलं. कॉफीचे दाणे धुतले, तव्यावर टाकले. ज्याला त्या देशाची माहिती नाही त्यानं एवढं समजून घ्यावं, की आपल्याकडं चहा टाकला म्हणजे पाच मिनिटं. तिथं कॉफी म्हणजे तासाभराचं काम. दाणे भाजायचे, धूर पाहुण्याच्या नाकाशी न्यायचा, कुटायचे, मातीच्या सुरईत उकळायचे. आणि हे कुणासाठीही करत नाहीत. पाहुणा म्हणून मानलं तर करतात.

धूर माझ्याकडं आला. मी डोळे मिटून घेतला. उघडले तर तामिरू कुंपणाला चिकटून उभा होता आणि त्याचं हसू पार गेलं होतं.

"सर, इकडं या जरा."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा तो मला सर म्हणाला. मी उठून गेलो.

"ती तुमच्यासाठी करते आहे," तो म्हणाला.

"दिसतंय की."

"पिऊ नका. प्यालात तर काका तुम्हाला घरात घेणार नाही. ताटाला हात लावू देणार नाही. तुमच्यावर राग म्हणून नाही. त्याला गावात राहायचंय. मी तुम्हाला आणलं, म्हणून मलाही बोलतील."

"मी परदेशी आहे. मला काय त्याचं?"

"म्हणून तर काकानं मेंढरू कापलं. परदेशी म्हणून. हिच्या हातचं प्यालात तर तुम्ही परदेशी राहणार नाही, त्यांच्यातले होणार."

तामिरू धूर्त नव्हता, त्यानं मला फसवलं नाही, धमकावलं नाही. त्यानं वस्तुस्थिती सांगितली, आणि माझ्या आयुष्यात कुणी इतक्या नेमक्या शब्दांत सांगितली नव्हती. एक पेला प्यायचा आणि त्यांच्यातला व्हायचं. झालंच तर काय झालं असतं? रात्रभर जीपमध्ये कुडकुडलो असतो. तेवढंच. जीव जाणार नव्हता. नोकरी जाणार नव्हती. गावाबाहेर काढणार नव्हते, कारण गाव माझं नव्हतंच. आमच्या बापजाद्यांना कधी एवढ्या स्वस्तात संधी मिळाली नव्हती.

पण त्या आठवड्यात मला कुणी जात विचारली नव्हती आणि मला वरच्या बाजूला बसवलं होतं. जर्मनीत विचारत नव्हते असं नाही. तिथं तर तेवढंच विचारायचे. तिथं मी जात मांडून बसलो होतो, इथं ती झाकून ठेवली होती, आणि झाकलेली जास्त ऊबदार लागत होती. वॉचमन उठतो. काका दोन्ही हातांनी हात धरतो. हे सोडवत नव्हतं. दुसरं काही कारण नाही. कुणी मागाहून माझ्या वतीनं थकवा, परका मुलुख, तामिरूची अडचण वगैरे काढील म्हणून आधीच लिहून ठेवतो.

मी परत जाऊन गवतावर बसलो. अमारेचबाईनं पेला तीनदा धुतला. मला दिसेल असा धुतला, हात लांब करून. कॉफी ओतली. मग पेला पुढं न करता तशीच थांबली आणि तामिरूकडं बघून हळू आवाजात बोलली.

"विचारते, हा पिईल का?" तामिरू म्हणाला. "म्हणते, बाहेरचं कुणी पीत नाही, मला माहीत आहे. पण हा जमिनीवर बसला म्हणून विचारते. नसेल प्यायचं तर राग नाही."

म्हाताऱ्यानं हातातलं काम थांबवलं होतं.

मी म्हणालो, "सांग तिला, आज बुधवार आहे. माझा उपवास आहे."

हे वाक्य मला शोधावं लागलं नाही. ते तयारच होतं. आमच्या गल्लीत खानेसुमारीला येणारे मास्तर, कर्जाचे फॉर्म भरून घेणारे साहेब, मतं मागणारे पुढारी, सगळे हेच म्हणायचे. आई चहाची कपबशी घेऊन उभी राहायची आणि ते हात जोडून म्हणायचे, आज माझी संकष्टी आहे हो. आई म्हणायची, लोकांची संकष्टी महिन्यातनं एकदा येती, आमच्या दारात रोज येती.

तामिरूचा चेहरा एकदम मोकळा झाला. त्यानं मोठ्यानं सांगितलं. बाईनं ऐकलं, आणि तिचाही चेहरा मोकळा झाला. ती हसून बोलायला लागली. तामिरूला सांगणं भाग पडलं.

"म्हणते, कॉफीनं उपवास मोडत नाही. उपवासाला सगळे पितात." थोडं थांबून तो मराठीत हळूच म्हणाला, "काय बे. खरं हाय ते."

बाईनं दोन्ही हातांनी पेला पुढं केला. तिला खरंच वाटलं होतं की एवढीच अडचण आहे.

"आमच्या धर्मात चालत नाही," मी म्हणालो. "सांग तिला. माझ्या धर्मात उपवासाला पाणीसुद्धा चालत नाही."

माझा धर्म. ज्याला आठ गावांत मी उभा-आडवा फाडला, त्याच्या धोतराआड जाऊन लपलो. आणि ते भोकाभोकाचं धोतर तिथं मला बरोबर पुरलं.

तामिरूनं सांगितल्यावर बाईचे हात तसेच पुढं राहिले, जरा वेळ. मग तिनं पेला मागं घेतला. म्हातारा तिला काहीतरी म्हणाला. तिनं तो त्याच्या हातात दिला आणि त्यानं खालच्या गवताकडं बघत सावकाश पिऊन टाकला. ओतलेली कॉफी वाया घालवायची नाही म्हणून. माझ्याकडं रागानं बघितलं नाही. बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी उठलो. हात जोडले. म्हातारा कुंपणापर्यंत आला, पण तामिरू होता तिथंपासून चार पावलं अलीकडं थांबला. तिथं थांबायचं हे त्याच्या पायांनाच ठाऊक होतं. तो काहीतरी बोलला.

चढ चढताना मी तामिरूला विचारलं, "काय म्हणाला तो?"

"काही नाही. म्हणाला, उपाशी माणसानं सावकाश चढावं. चक्कर येते."

वर काकाच्या घरी मेंढराचं कालवण झालं होतं. माझ्या उपवासाचं कुणी विचारलं नाही, तामिरूनंही नाही. काकूनं त्यांच्या रिवाजाप्रमाणे भाकरीत मटणाचा तुकडा गुंडाळला आणि स्वतःच्या हातानं माझ्या तोंडात घास घातला. सगळे हसले. मी खाल्लं. परत घातला, परत खाल्लं. खाली घास उतरला नाही, डोळ्यांत पाणी आलं, असलं काही झालं नाही. भूक लागली होती आणि मटण चांगलं झालं होतं.

राजधानीत, आदिसला परत आल्यावर सिद्रामनं विचारलं, "भेटला म्हातारा?"

"भेटला. काय हात आहे बे त्याचा."

"कॉफी पाजली का म्हातारीनं?"

"पाजली की," मी म्हणालो.

"बरं," सिद्राम म्हणाला, आणि वर्तमानपत्र उचललं. तामिरू त्याच्याच हाताखाली होता, रोज त्याच्यासंगं डबा खायचा. हे मला तेव्हा सुचलं नाही. खोटं बोलणाऱ्याला समोरचा एकच माणूस दिसतो.

लेख दिवाळीच्या अंकात आला. 'दोन देश, एक पेला' असं संपादकांनी नाव दिलं होतं. खूप पत्रं आली. पुढं तो दोन संग्रहांत गेला. एका कॉलेजातल्या मुलांनी त्यावर निबंध लिहिले, ते मला वाचायला पाठवले. मी कुठंही एक ओळ बदलली नाही.

अंक घरी आला तेव्हा सिद्राम सुट्टीवर सोलापुरात होता. फराळाला आमच्याकडं आला होता, चिवड्याची बशी घेऊन उंबऱ्याशी बसला होता. आईला वाचता येत नव्हतं. ती म्हणाली, "सगळी म्हणत्यात लई चांगलं लिवलंय. वाच की मला."

"नंतर वाचतो आये. लांब आहे."

"लांब असलं तर असूं दे. मला कुठं जायचंय?"

मी सिद्रामकडं बघितलं. तो चिवड्यातले शेंगदाणे वेचून खात होता. मी वाचायला लागलो. जर्मनी वाचली. इल्झेबाईंना आईनं "गुणाची बाई" म्हटलं. रेल्वे, पोलीस, बस, कोंबडी. आई हसली. मग डोंगर आला, ओढा आला, दगडाचं हत्यार आलं, तेव्हा आई पुढं सरकून बसली. मग मी ते वाचलं: "मी पेला दोन्ही हातांनी घेतला आणि ओठाला लावला. कुंपणापलीकडं उभा असलेला माझा सोबती माझ्याकडं बघतच राहिला. त्या एका घोटात मला माझी गल्ली भेटली."

"थांब," आई म्हणाली.

मी थांबलो.

"कशी लागली रं?"

"काय?"

"काफी. त्या माउलीच्या हातची."

तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आयुष्यभर तिच्या हातचा चहा लोकांनी नाकारला होता, आणि साता समुद्रापलीकडं तिच्यासारख्याच एका बाईच्या हातची कॉफी तिचा लेक प्याला होता. ती कशी लागली, एवढंच ती विचारत होती.

"चांगली," मी म्हणालो. "गोड होती."

सिद्रामची बशी खाली ठेवल्याचा आवाज आला.

"ती मीठ घालती मावशी," तो म्हणाला. माझ्याकडं न बघता, अगदी साध्या आवाजात. "साखर कुठली डोंगरात. पहिल्या बारीला मला वकारीच आली. म्हातारा लई हसला. आता गेलं की दोन-दोन पेले पितो."

बाहेर गल्लीत फटाक्यांची माळ लागली, संपली. आईनं सिद्रामकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. माझ्याकडं तिनं बघितलं नाही. पदर सारखा केला, दोन्ही हात मांडीवर ठेवले, नजर समोरच्या भिंतीवर.

"वाच फुडं," ती म्हणाली.

पुढं मी माणुसकीवर दीड पान लिहिलं होतं. ते सगळं मी तिला वाचून दाखवलं.